खर्रा सोडायचा तर आधी वाट बदला

बावीस वर्षं खर्रा (तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेला) खाल्ला. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी, म्हणून मी निर्व्यसनी म्हणून मिरवायचो. खिशात मात्र खर्र्याची पन्नी. चर्चमध्ये उपासनेला बसलो तरी गालात बोकणा.

आधी कबुली द्या. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१६) एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय. मी पाळकांआधी बायकोला सांगितलं, ते जास्त जड गेलं. (तिला माहीत होतंच म्हणा.)

मग तलफेची वेळ ओळखा. माझी सकाळी दहाची, धानाच्या बांधावर. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढीच निभवायची. गालात लवंग धरून प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायचो. ‘आम्हाला परीक्षेत आणू नकोस’ (परीक्षा म्हणजे मोह) या ओळीपाशी थांबायचो, परत म्हणायचो. परीक्षेतून निघायची वाट देव ठेवतो, असं १ करिंथ १०:१३ मध्ये आहे. माझी वाट तलावाच्या पाळीवरून जायची. लांब पडते, पण मधे पानठेला नाही.

पोळ्याला घसरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लवंग.

तोंडात पांढरा चट्टा दिसला, की नुसत्या प्रार्थनेवर राहू नका, दवाखाना गाठा. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, तेही बघा; नाही गेली, तर तोंड आखडत चाललंय. माझी दोनच जातात.