हॉस्टेलच्या फोनवर लेक मोकळं बोलत नाही? कोडवर्ड ठरवून ठेवा

माझी लेक पाचगणीला बोर्डिंगमध्ये, आम्ही दादरला, फोन फक्त रविवारी दहा मिनिटं, तोही ऑफिसातल्या लँडलाइनवर आणि मागे मुलींची ही रांग, मग पोरगी "सगळं ठीक आहे गं आई" याच्यापलीकडे काय बोलणार. म्हणून जायच्या आधीच ठरवलं, तिने "खिडकीतली तुळस कशी आहे" विचारलं की समजायचं काहीतरी बिनसलंय पण आत्ता सांगता येत नाहीये. मग मी फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारते, बरं नाहीये का, कोणी त्रास देतंय का, मी येऊ का.

शब्द तिलाच निवडू द्या, म्हणजे विसरत नाही. पहिल्यांदा तिने तुळस विचारली तर मी बावळटासारखी खरंच कुंडीचं सांगत बसले, दोन मिनिटांनी ट्यूब पेटली! निघालं काय, तर पावसात सॉक्स वाळत नव्हते, ओलेच घालून पायाला खाज सुटलेली आणि सगळ्यांसमोर सांगायची लाज. पावसाळ्यात सॉक्सचे सात-आठ जोड द्याच.

बाकी, आई-बाबांचे नंबर तोंडपाठ हवेत, आणि 1098 पण, चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा, फ्री आहे, चोवीस तास चालू. आणि पत्ता लिहिलेली चार-पाच आंतर्देशीय पत्रं बॅगेत टाका. पोस्टकार्ड नको, ते उघडं असतं, कोणीही वाचतं.