टर्बो लावलेल्या मारुती एस्टीमचं इंजिन वायरिंग: पहिली वायर कापण्याआधी

सेन्सरच्या अर्थापासून, म्हणजे ग्राउंडच्या वायरीपासून, सुरुवात करा. टीपीएस (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर), कूलंट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, आणि मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) स्पीडुइनोच्या, म्हणजे आपल्या ओपन-सोर्स ईसीयूच्या (इंजिनच्या कंप्युटरच्या), बोर्डावर नसून मॅनिफोल्डवर बसवला असेल तर तोही, या सगळ्यांच्या अर्थाच्या वायरी ईसीयूच्या सेन्सर अर्थ पिनवरच न्यायच्या. जवळ बोल्ट दिसतोय म्हणून इंजिनच्या हेडला जोडायच्या नाहीत, बॉडीलाही नाहीत. मागच्या वेळी मी त्या हेडला जोडल्या होत्या. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाब देत असताना, नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट) सुरू झालं म्हणून प्लग काढले, तर पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके होते. ते ॲल्युमिनियम पिस्टनचं असतं.

असं होतं कारण इंजेक्टरचा करंट ईसीयूच्या पॉवर अर्थमधून परत जातो. ती वायर बारीक किंवा सैल असली की ईसीयूचा शून्य हेडच्या शून्यापेक्षा वर चढतो, आणि हेडला जोडलेल्या मॅपचं रीडिंग खाली येतं. ३ बारच्या सेन्सरला ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे साधारण ७ किलोपास्कल. ऐन बूस्टमध्ये ईसीयूला दाब कमी वाटतो, तो पेट्रोल कमी सोडतो आणि ठिणगीचं टायमिंग पुढे, म्हणजे लवकर, नेतो. लॅपटॉपवरचे आकडे मात्र सरळ दिसतात, म्हणून माणूस मॅपिंगमध्ये (पेट्रोल आणि टायमिंगच्या तक्त्यांत) चूक शोधत बसतो.

आता कागद. ईसीयूची प्रत्येक पिन, वायरचा रंग, जाडी, कुठून कुठे जाते, सगळं लिहून काढा. डोक्यात ठेवू नका. सेन्सर अर्थासाठी एक वेगळा रंग ठरवा आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नका.

वायर घरगुती फिटिंगची नको. तिचं पीव्हीसी साधारण ७० अंशांचं असतं, टर्बोशेजारी ते टिकत नाही. पातळ आवरणाची, १२५ अंशांची ऑटो वायर घ्या: सेन्सरला ०.५ चौरस मिमी, इंजेक्टर आणि कॉइलला ०.७५ ते १, फ्युएल पंपाला २.५. इथे पैसे वाचवू नका. वाचवायचेच असतील तर कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) वाचवा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात मूळ कपलर वायरीसकट मिळतात, फक्त वीतभर शेपूट ठेवून कापून मागा. वाइडबँडचा (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) एलएसयू ४.९ सेन्सर घेताना मात्र त्याच्या कपलरला हात लावू नका. कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्या कपलरमध्येच असतो. कपलर कापला की रीडिंगवर विश्वास ठेवता येत नाही.

क्रिम्पिंगची पक्कड चांगली घ्या, साध्या पकडीने दाबलेली पिन चालणार नाही. प्रत्येक पिन ओढून बघा. सोल्डरचा डाग मारू नका, शिसं वायरमध्ये चढतं, तिथे ती कडक होते आणि थरथरीने नेमकी त्याच कडेला तुटते.

इंजेक्टरचा ओहम मोजा. १२ ते १६ आला तर ठीक. स्वस्तात मिळालेले मोठे इंजेक्टर पुष्कळदा २-३ ओहमचे निघतात, ते सरळ जोडले तर बोर्डावरचा ड्रायव्हर जळू शकतो, त्यांना सिरीजमध्ये रेझिस्टर लागतो. क्रँकच्या ३६-१ चाकाच्या (३६ दातांपैकी एक काढलेला) सेन्सरला शील्डेड वायर घ्या, शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा. दोन्ही टोकांना जोडलं तर अर्थाचा लूप तयार होतो आणि तेव्हा शील्ड असून फायदा नाही.

फ्युएल पंपाचा रिले ईसीयूनेच चालवायचा. किल्लीवर थेट दिलात तर अपघातात इंजिन बंद पडूनही पंप पेट्रोल ढकलत राहतो. याला दुसरा पर्याय नाही.

लांबी मोजायला सुतळी घ्या, इंजिनवरून ती प्रत्यक्ष फिरवा, आणि इंजिन माउंटवर डोलतं हे लक्षात ठेवून थोडी ढील सोडा. फायरवॉलच्या भोकाला रबरी ग्रोमेट. टर्बोजवळ ग्लासफायबर स्लीव्ह. बॅटरी निगेटिव्ह ते ब्लॉक जाड केबल, आणि ईसीयूचा पॉवर अर्थ त्याच ब्लॉकवर, रंग खरवडून.

आणि सेन्सर अर्थ, परत. सगळे सेन्सर लावलेले, ईसीयूचा कपलर काढलेला, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर: कपलरमधल्या सेन्सर अर्थ पिनवर एक टोक, इंजिन ब्लॉकवर दुसरं. मीटर वाजता कामा नये. वाजला तर कुठलातरी सेन्सर अर्थ बॉडीला लागलाय, तो सापडेपर्यंत टेप गुंडाळू नका. डॅशबोर्डवरच्या टेंपरेचर काट्याचा एकवायरी सेन्सर ब्लॉकमधूनच अर्थ होतो, त्याला वेगळाच ठेवा, ईसीयूच्या कूलंट सेन्सरशी जोडून वायर वाचवू नका. नंतर ईसीयू लावून, पंखा आणि हेडलाइट चालू ठेवून ईसीयूच्या पॉवर अर्थ पिनपासून ब्लॉकपर्यंतचा फरक मोजा. मिलिव्होल्टमध्ये, अगदी थोडाच यायला हवा.

मग टेप. किल्ली फिरवायच्या आधी इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर काढून ठेवा, मग किल्ली फिरवून ५ व्होल्ट तपासा, रिलेचा आवाज ऐका. स्टार्टरवर आरपीएम दिसतो का बघा. मग कॉइल जोडा, टायमिंग लाइट लावून सॉफ्टवेअरशी जुळवा, आणि शेवटी इंजेक्टर जोडा. सुरू झाली की तापू द्या, थंड होऊ द्या, कपलर आणि अर्थाचे बोल्ट परत तपासा. सुरुवातीचा बूस्ट वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवरच, आणि वाइडबँड बघायला शेजारी कुणीतरी बसलेलं हवं.