परदेशात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: परतल्यावर घ्यायची काळजी

शस्त्रक्रिया परदेशात झाली तरी पुढचे बरे होणे घरीच व्हायचे असते आणि त्या काळात शस्त्रक्रिया करणारे सर्जन हाकेच्या अंतरावर नसतात. म्हणून परतल्यावर आपल्याला कोण तपासणार, हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरवावे. रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्डावर समाधान न मानता शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्यावी. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करणे) झाली की बायपास (जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडणे), टाक्यांतून गळती होते का याची चाचणी केली होती का, रक्त पातळ करणारी इंजेक्शने किती दिवस घ्यायची, हे सारे घरच्या डॉक्टरांना वाचता येईल अशा भाषेत हवे.

परतीचे तिकीट तारीख बदलता येणारेच घ्यावे आणि सर्जनांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय विमानात बसू नये. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे राहतो, आणि तासन्‌तास एका जागी बसल्याने तो वाढतो. प्रवासात कडेची जागा घ्यावी, अधूनमधून उठून चालावे, डॉक्टरांनी सांगितलेले दाबमोजे घालावेत आणि बॅगा दुसऱ्याला उचलू द्याव्यात.

घरी आल्यावर सर्वांत जास्त लक्ष नाडीकडे द्यावे. टाक्यांच्या रेषेतून गळती होत असेल तर पोट फारसे न दुखताही नाडी वेगाने चालू लागते. स्वस्थ पडून असतानाही ती मिनिटाला १२० च्या वर राहिली, ताप आला, डावा खांदा दुखू लागला, धाप लागली किंवा एकच पोटरी सुजली, तर थेट तातडीच्या विभागात जावे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून रात्र काढणे किंवा परदेशातील समन्वयकाच्या उत्तराची वाट पाहणे, दोन्ही धोक्याचे आहे.

आहार पातळ पदार्थांपासून सुरू करून वाटलेल्या, मग मऊ अन्नाकडे सर्जनांनी दिलेल्या टप्प्यांनीच न्यावा. दिवसाकाठी साधारण दीड लिटर द्रव आणि ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. पाणी एका दमात न पिता दिवसभर घोट घोट घ्यावे आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे. उलट्या थांबत नसतील तर शरीरातील थायमिन (जीवनसत्त्व बी-१) संपून मेंदूला इजा होऊ शकते. अशा वेळी सलाइन लावण्यापूर्वी आपली शस्त्रक्रिया झाली आहे हे आवर्जून सांगावे, कारण ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावे लागते.

मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांची मात्रा बहुधा लवकर कमी करावी लागते. ती स्वतः ठरवू नये. बायपास झाली असेल तर आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी जठर व आतड्याच्या जोडावर व्रण होऊ शकतो. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम मात्र आयुष्यभर घ्यायचे असतात, वजन उतरून प्रकृती उत्तम वाटत असली तरीही. पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्त तपासावे. साधारण तिसऱ्या महिन्यापासून केस गळू लागतात. ते बहुतेकांचे पुन्हा येतात. स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नसल्याने दुसरा उपाय आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.