हृदयविकार असलेल्या पाळीव उंदराचे श्वास मोजायची सोपी युक्ती

पाळलेल्या उंदराला (मोठ्या जातीच्या, म्हणजे रॅटला) हृदयाचा त्रास असला की डॉक्टर म्हणतात, ‘घरी श्वास मोजत जा.’ पण निरोगी उंदीरसुद्धा मिनिटाला साधारण ७० ते ११५ श्वास घेतो. नुसत्या डोळ्यांनी मोजणं म्हणजे विरारची फास्ट जाताना डब्यातली माणसं मोजणं!

मोबाइलचा स्लो मोशन वापरा.

१. तो गाढ झोपलेला असताना, न उचलता, बाजूने बरगड्या दिसतील असा व्हिडिओ घ्या. रेकॉर्डिंगच्या घड्याळावर १५ सेकंद पुरे. फ्लॅश नको.
२. व्हिडिओ हळू चालवून बरगड्या किती वेळा फुगल्या ते मोजा. वर आणि खाली मिळून एक श्वास.
३. आकड्याला ४ ने गुणा आणि तारखेसह कॅलेंडरवर लिहा.

झोपेत नाक-मिश्या थरथरतात, त्या मोजू नका. खेळून किंवा खाऊन झाल्यावरचा आकडाही कामाचा नाही. मुंबईच्या उकाड्यात दुपारी श्वास तसाही वाढतो, म्हणून रोज रात्रीची एकच वेळ धरा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. तो दोन-तीन दिवस चढत गेला तर डॉक्टरांना व्हिडिओच पाठवा. ट्रॅफिकमधून पिंजरा नेण्याचा ताण कधीकधी तेवढ्याने वाचतो.

मात्र तोंड उघडून श्वास घेत असेल, किंवा पंजे-शेपटी निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका, लगेच निघा. आणि अंगातलं जादा पाणी काढायला डॉक्टरांनी दिलेल्या लघवीच्या औषधाचा डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका.