लाल सिलिंडर भिंतीवर आहे, पण वेळेला चालेल का? अग्निशामकाबाबत या चुका टाळा

सोसायटीच्या जिन्यात, दवाखान्यात, क्लासच्या दारापाशी लाल सिलिंडर लटकलेला असतो. त्यावर स्टिकर, स्टिकरवर पुढच्या वर्षाची तारीख, आणि तेवढ्यावर सगळे निर्धास्त. पण स्टिकर दोन मिनिटांत बदलता येतो. आत पावडर मोकळी आहे की गोळा झाली आहे, दाब उरला आहे का, नळी उघडी आहे का, पत्रा बुडाशी गंजला आहे का, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका सिलिंडर न पाहता स्टिकर पाहण्याच्या सवयीतून होतात.

एकाच जातीचा सिलिंडर सगळीकडे टांगणं

आपल्याकडे आगीचे वर्ग असे आहेत: लाकूड, कागद, कापड यांची आग ए, पेट्रोल, रंग, थिनर यांची बी, गॅसची सी, मॅग्नेशियमसारख्या धातूंची डी, आणि तळणीच्या तेलाची एफ. विजेला वेगळं अक्षर नाही. इंटरनेटवर वाचून खरेदी करणाऱ्यांची इथेच गल्लत होते, कारण अमेरिकेत सी म्हणजे विजेची आग. तिथला तक्ता पाहून इथला सिलिंडर निवडू नका.

घराला, जिन्याला, दुकानाला एबीसी पावडरचा सिलिंडर योग्य. त्यात मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट असतं आणि ते ए, बी, सी या तिन्ही वर्गांवर चालतं. मात्र काही जागा अशा आहेत जिथे तो पुरत नाही किंवा नुकसान करतो.

पहिली जागा स्वयंपाकघर. कढईतल्या तेलाने पेट घेतला आणि जवळून पावडरचा जोरदार झोत मारला, तर पेटलेलं तेल उडून ओट्यावर, पडद्यावर, अंगावर येतं. शिवाय पावडर तेलाला थंड करत नाही, त्यामुळे विझलेली कढई पुन्हा भडकू शकते. घरी गॅस बंद करणं आणि कढईवर घट्ट झाकण किंवा परात सरकवणं हाच पहिला उपाय. कढई उचलून मोरीकडे पळायचं नाही, पाणी तर थेंबभरही टाकायचं नाही. हॉटेल, मेस, फरसाणाचा कारखाना, लग्नाचं कार्यालय अशा मोठ्या कढयांच्या जागी एफ वर्गाचा वेट केमिकल सिलिंडर हवा. त्यातलं पोटॅशियमच्या क्षाराचं द्रावण गरम तेलावर साबणासारखा थर धरतं आणि तेल थंडही करतं. घरासाठी पावडरचा सिलिंडर घेतलात तर तो स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लावा. शेगडीच्या मागच्या भिंतीवर लावलेला सिलिंडर घ्यायला आगीतच हात घालावा लागतो.

गॅस सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत लागली असेल तर आधी रेग्युलेटर बंद होतो का ते पाहायचं. गॅस चालू ठेवून ज्योत विझवली तर न जळलेला गॅस खोलीत साठतो, आणि मग ठिणगी पडली की स्फोट होतो. रेग्युलेटरपर्यंत हात पोचत नसेल तर माणसं बाहेर काढा आणि 101 किंवा 112 लावा. नुसती गळती असेल तर एलपीजीचा 1906 हा क्रमांक आहे.

दुसरी जागा मीटर रूम, लिफ्टची मशिन रूम आणि ऑफिसातली सर्व्हर रूम. तिथे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हवा. तो वीज वाहून नेत नाही आणि मागे राखही ठेवत नाही. फॉस्फेटची पावडर दमट हवेत धातू खाते. आग विझते, पण सर्किट पुढच्या काही आठवड्यांत बाद होतात. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. लहान बंद खोलीत हा वायू श्वास कोंडतो, म्हणून दारात उभं राहून मारायचा आणि लगेच मागे सरायचं. उघड्या पार्किंगमध्ये वाऱ्याने तो विरून जातो, तिथे त्याचा उपयोग कमी.

तिसरी जागा ई-स्कूटरचं चार्जिंग. लिथियम बॅटरी आतून पेटते. पावडरने वरची ज्योत क्षणभर दबते आणि आतली उष्णता तशीच राहते, म्हणून ती पुन्हा पेटते. तिला थंड करायला खूप पाणी लागतं आणि ते काम अग्निशमन दलाचं. फोन करतानाच सांगा की बॅटरीची गाडी जळते आहे.

खरेदी करताना आयएसआय मार्क, त्याबरोबर आयएस 15683 हा भारतीय मानकाचा आकडा आणि सीएम/एल म्हणजे परवान्याचा क्रमांक पाहा. तो क्रमांक बीआयएस या मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते तिथेच कळतं. ऑनलाइन मिळणारे स्प्रेचे डबे मेणबत्तीने पेटलेल्या पडद्यापुरते ठीक. त्यांच्या भरवशावर घर सोडू नये. 1 किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत संपतो, म्हणून घरी निदान 2 किलोचा असावा. जिन्यात 4 किंवा 6 किलोचा चालतो, पण भरलेला 6 किलोचा पत्र्यासकट 9-10 किलोंच्या घरात जातो. दुपारी इमारतीत कोण असतं, ते तो उचलू शकतील का, याचा विचार करून घ्या. अग्निशामकांची निवड आणि देखभाल सांगणाऱ्या आयएस 2190 या मानकाप्रमाणे कुठूनही 15 मीटर चालण्याच्या आत सिलिंडर हाताशी यायला हवा.

देखभालीतल्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, दिली की आपली जबाबदारी संपली असं समजणं. कंत्राटदाराचा माणूस वर्षातून एक-दोनदा येतो. मधले महिने सिलिंडर तुमच्याच जिन्यात असतो. महिन्यातून एकदा सोसायटीतल्या एकाने प्रत्येक सिलिंडरसमोर मिनिटभर उभं राहायचं आणि वहीत नोंद करायची. त्या मिनिटभरात काय पाहायचं ते सांगतो.

गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा हिरव्या पट्ट्यात हवा. लाल भागात डावीकडे असेल तर दाब गेला आहे. काटा हिरव्यात असला तरी हलकी टिचकी मारून पाहा, कधी तो अडकलेला असतो. काटा हिरव्यात आणि सिलिंडर हाताला हलका, हे सर्वांत फसवं लक्षण: दाब आहे, पावडर कमी आहे. लेबलवर रिकाम्याचं आणि भरलेल्याचं वजन छापलेलं असतं; रद्दीवाल्याच्या काट्यावरही ते पडताळता येतं.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला गेजच नसतो. काळा शिंगासारखा भोंगा असलेला तो हाच. 'याचा गेज कुठे गेला?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात आणि मग तपासायचं काहीच नाही असं समजून पुढे जातात. त्याची तपासणी फक्त वजनाने होते. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला की तो भरायला पाठवायचा.

पिन आणि सील. सील तुटलेलं असेल तर कुणीतरी दांडा दाबून पाहिला आहे. इथे एक गोष्ट जवळजवळ कुणालाच ठाऊक नसते: पावडरचा सिलिंडर सेकंदभर जरी उडवला, तरी पावडरचे कण झडपेच्या बैठकीत अडकतात आणि दाब हळूहळू गळत राहतो. आज हिरव्यात दिसलेला काटा काही दिवसांत खाली येतो. म्हणून 'थोडाच वापरला, अजून भरलेला आहे' म्हणून तो पुन्हा खुंटीला लावू नका. पोरांनी खेळात एकदा दाबला असला तरी रिफिलिंग आलंच.

नळीचं तोंड पाहा. आपल्याकडे कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते आणि वरून काहीच दिसत नाही. टॉर्च मारून बघा. माती, जाळं, चिरलेलं रबर दिसलं तर नळी बदलून घ्या.

मग बूड. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या समुद्राकडच्या इमारतींत खारी हवा पत्रा बुडापासून खाते. जमिनीवर ठेवलेला सिलिंडर फरशी धुताना रोज भिजतो आणि वरून नवाकोरा दिसत राहतो. म्हणून तो ब्रॅकेटवर हवा. बुडाशी गंजाचे पापुद्रे निघत असतील, पोचा आला असेल किंवा सांध्यावर डाग दिसत असेल, तर असा सिलिंडर पुन्हा भरून घेऊ नका. त्याची पुढची वाट भंगाराचीच. इमारत रंगवताना सिलिंडरवरही लाल रंगाचा हात फिरवून घेणं ही तर घातक हौस. त्या रंगाखाली गंज झाकला जातो आणि पत्र्यावर ठोकलेलं वर्ष, चाचणीची तारीख, क्रमांक सगळं बुजतं.

ते वर्ष वाचता येणं गरजेचं आहे, कारण रिफिलिंग केल्याने सिलिंडर नवा होत नाही. पावडर, पाणी आणि फोमच्या सिलिंडरची दर 3 वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हायला हवी, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची दर 5 वर्षांनी. आयुष्य पहिल्या तिघांचं 10 वर्षं, शेवटच्याचं 15. यापुढे चकचकीत दिसला तरी तो बादच.

रिफिलिंगला देताना सगळे सिलिंडर एकाच दिवशी टेम्पोत चढवून इमारत आठवडाभर उघडी ठेवू नका. बदली सिलिंडर मागा, किंवा निम्मे निम्मे पाठवा. पावडर कोणती भरणार ते बिलावर लिहून घ्या. एबीसी पावडरसाठी आयएस 14609 आणि सोडियम बायकार्बोनेटच्या बीसी पावडरसाठी आयएस 4308 अशी वेगळी मानकं आहेत. या दोन्ही एकमेकींत मिसळायच्या नाहीत. एक आम्लधर्मी, दुसरी अल्कधर्मी. ओलावा लागला की आत वायू तयार होतो आणि पावडरचे गोळे होतात. स्वस्तात 'टॉप-अप' करून देणाऱ्याला म्हणूनच नाही म्हणा. परत आलेले सिलिंडर समोर वजन करून घ्या. काम नीट करणारा माणूस याला कधीच हरकत घेत नाही.

महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याखाली इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैत नमुना ब चं, म्हणजे आगीची साधनं चालू स्थितीत असल्याचं, प्रमाणपत्र द्यायचं असतं, तेही परवानाधारक संस्थेकडून. हे प्रमाणपत्र फाइलला लावण्याआधी सेक्रेटरींनी एकदा त्या माणसाबरोबर गच्चीपासून तळमजल्यापर्यंत उतरावं. कागदावर बारा सिलिंडर आणि जिन्यात नऊ, हे तेव्हाच लक्षात येतं.

वेळ आली की होणाऱ्या चुका

पिन ओढली जात नाही, कारण घाबरून दांडा आधीच आवळलेला असतो. मूठ सैल करा, पिन पिळून ओढा. झोत ज्वाळेवर मारला जातो. तो मुळाशी, जे जळतं आहे त्यावर, डावीकडून उजवीकडे फिरवत मारायचा. पाठ नेहमी बाहेरच्या दाराकडे. कार्बन डायऑक्साइडचा भोंगा हाताने धरायचा नाही. बाहेर पडणारा वायू उणे 78 अंशांपर्यंत थंड असतो आणि कातडी भाजते. धूर छताला भरू लागला किंवा एक सिलिंडर संपूनही आग मागे हटत नसेल तर तिथून निघा, दार ओढून घ्या.

हे वाचून जमत नाही, हाताने करावं लागतं. 14 एप्रिल 1944 ला मुंबई गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाच्या 66 जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. रिफिलिंगची तारीख याच सुमारास धरा. भरायला जाणारे सिलिंडर तसेच टेम्पोत घालण्याऐवजी मोकळ्या जागी, जाणकाराच्या देखरेखीखाली, घरातल्या बायकांच्या, वॉचमनच्या, कॉलेजच्या मुलांच्या हातांनी उडवून घ्या. पावडरचे पैसे तसेही जाणारच असतात. गंजलेला किंवा मुदत संपलेला सिलिंडर मात्र सरावालाही वापरू नका.

उडालेली पावडर तोंडाला फडकं बांधून कोरडीच गोळा करा. पाणी ओतलं तर चिकट आम्लधर्मी लगदा होतो आणि लोखंडाला, वायरिंगला लागतो. उघडं राहिलेलं अन्न टाकून द्या.

बाद सिलिंडर भंगारवाल्याला देणं

ही चूक सर्रास होते आणि तिची किंमत दुसराच मोजतो. पावडरच्या सिलिंडरमध्ये साधारण 15 बारचा दाब असतो. काटा शून्यावर अडकलेला असला तरी आत दाब असू शकतो. तो गॅस कटरखाली गेला की कापणाऱ्या माणसाच्या तोंडाशी फुटतो. कार्बन डायऑक्साइडचा तर त्याहून कितीतरी जास्त दाबाचा. त्याची झडप पान्याने सोडवायचा प्रयत्न केला तर तो हातातून सुटून भिंत फोडेल. अशा जास्त दाबाच्या सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम लागू आहेत, आणि ते पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. ते भरणं, तपासणं, बाद करणं हे परवानाधारकाचंच काम. तुम्ही फक्त त्याच्याकडे पोचवा.

नवे सिलिंडर घेताना जुने परत घेण्याची अट खरेदीच्या पत्रातच घाला. दाब सोडला, पावडर काढली, पत्र्याला भोक पाडलं किंवा तो चेपला, असं लेखी घ्या. भोक न पाडलेला सिलिंडर रंग लावून पुन्हा बाजारात येतो, कदाचित तुमच्याच शेजारच्या दुकानात.

पावडर नाल्यात, विहिरीत, ओढ्यात टाकू नका. फॉस्फेटने पाण्यात शेवाळ माजतं. नाशिककडचे द्राक्षवाले लगेच म्हणतील की मोनो अमोनियम फॉस्फेट म्हणजे आपलं 12:61:00 खत. रसायन तेच, पण सिलिंडरमधल्या पावडरीला ओलावा लागू नये म्हणून सिलिकॉनचं आवरण दिलेलं असतं आणि त्यात इतरही पदार्थ मिसळलेले असतात. ती झाडाला घालायची नाही, ड्रिपमधून तर मुळीच सोडायची नाही. पिशवीत बंद करून रिफिलिंगवाल्याकडेच द्या. फोमचं द्रावणही गटारात ओतू नका; जुन्या फोममध्ये न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं असतात.

जुन्या शाळा, सरकारी कचेऱ्या, टॉकीज यांच्या माळ्यावर कधी दोन वेगळेच नमुने सापडतात. एक शंकूसारखा, उलटा करून आपटायचा सोडा-ॲसिडचा. आत गंधकाम्लाची बाटली असू शकते, म्हणून तो आडवा करू नका, हलवू नका, जाणकाराला बोलवा. दुसरा हॅलॉनचा. तो वायू ओझोनचा थर खातो, म्हणून हवेत सोडायचा नाही. तो जमा करून घेणाऱ्या संस्थेकडेच जायला हवा.

आणि बाद ठरवलेला सिलिंडर नेईपर्यंत जिन्याखाली, मीटर रूमच्या कोपऱ्यात उभा करू नका. धुरात माणूस हाताला लागेल तो उचलतो. त्यावर मोठ्या अक्षरांत 'बाद' लिहा, पिन तारेने बांधा, कुलपाच्या खोलीत ठेवा, आणि रिकाम्या खुंटीवर त्याच दिवशी दुसरा लावा.