पोथीतला 'जो मनुष्य' आणि आजची वाचणारी : मराठी अर्थ नव्याने लिहिताना

श्रावण लागला की नाशिकमध्ये पंचवटीतल्या देवळांपासून सिडकोतल्या सोसायट्यांपर्यंत पोथ्या उघडतात. वाचायला बसलेल्यांत बायका जास्त असतात. हातातल्या पुस्तिकेत मात्र 'जो मनुष्य हे स्तोत्र वाचेल त्यास पुत्रपौत्र प्राप्त होतील, तो सर्वत्र विजयी होईल' असा अर्थ छापलेला असतो. मुळात पुल्लिंग असलं तरी ते पुष्कळदा व्याकरणापुरतंच असतं. मूळ श्लोक सगळ्यांना उद्देशून असतो आणि शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी केलेलं भाषांतर त्याला पुरुषापुरतं करून टाकतं. भजनी मंडळं, देवस्थानं आणि छोटे प्रकाशक पुस्तिका पुन्हा छापायला काढतात तेव्हा ही दुरुस्ती करायची सोय असते. ती नीट व्हावी म्हणून पुढची पद्धत.

सगळ्यात आधी पुस्तिकेतले थर वेगळे करा. साध्या 32 पानी पुस्तिकेतही चार तरी असतात: मूळ पाठ (संस्कृत श्लोक, ओव्या, अभंग, आरत्या), त्याचा मराठी अर्थ, पूजेच्या सूचना, आणि प्रकाशकाने घातलेली प्रस्तावना किंवा माहात्म्य. मूळ पाठाला हात लावायचा नाही. तो लोकांना तोंडपाठ असतो, त्यातला एक शब्द हलला तरी सामुदायिक पठणात सूर फुटतो, आणि वृत्तही मोडतं. मोठ्या अभंगात अक्षरांचा हिशेब 6-6-6-4 असा असतो, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळतं. तिथे 'नर'च्या जागी 'स्त्री-पुरुष' बसवला की चाल गेलीच. संतांची नाममुद्राही तशीच ठेवायची. 'दास रामाचा' बायकाही म्हणतात आणि 'नामयाची दासी' पुरुषही म्हणतात, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. काम करायचं ते उरलेल्या तीन थरांवर.

आता झेरॉक्स प्रत आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. जिथे पुल्लिंग फक्त व्याकरणापुरतं आहे आणि अर्थ सगळ्यांचा आहे, तिथे हिरवी खूण. जिथे खरोखरच एखादा पुरुष किंवा एखादी स्त्री अभिप्रेत आहे (कथेतला ब्राह्मण, वाणी, राजा, सावित्री), तिथे पिवळी. आणि जिथे ग्रंथ स्वतःच स्त्रीला खालचं स्थान देतो, तिथे लाल. हिरवं बदलायचं, पिवळं जसंच्या तसं ठेवायचं, लाल जागी अर्थ खरा लिहून तळटीप द्यायची. सगळं काम या वर्गवारीवर उभं आहे. घाई झाली की लाल जागा हिरवी धरली जाते, आणि मग पुस्तिका वाचायला गोड पण खोटी होते.

मराठीत लिंग नेमकं कुठे दिसतं

हिरव्या जागा बदलताना बहुतेक जण 'जो/जी', 'त्याने/तिने' अशी तिरकी रेघ मारत जातात. पोथी मोठ्याने वाचायची असते. तिरकी रेघ तोंडाने म्हणता येत नाही. 'व्यक्ती' हा शब्दही टाळा. 'जी व्यक्ती हे स्तोत्र पठण करेल' असं लिहिलं की सरकारी अर्ज वाचल्यासारखं वाटतं, शिवाय 'व्यक्ती' स्त्रीलिंगी असल्याने पुढची सगळी क्रियापदं दुसऱ्या बाजूला झुकतात.

मराठीतच यावर भरपूर वाटा आहेत. अनेकवचनात विभक्ती लागली की लिंग दिसत नाही: वाचणाऱ्यांना, भक्तांची, ज्यांनी, त्यांचं. वर्तमानकाळी अनेकवचनही तसंच: वाचतात, करतात. 'तू जप करतोस' यात पुरुष दिसतो, 'तुम्ही जप करता' यात दिसत नाही. भविष्यकाळी 'वाचेल' या क्रियापदाला लिंग नाही. लिंग असतं ते फक्त मागच्या 'जो'मध्ये, म्हणून 'जो वाचेल' ऐवजी 'जे कोणी वाचतील' किंवा 'वाचणाऱ्यांना' करा. विध्यर्थात तर कर्ता गाळलाच तरी चालतो. 'साधकाने स्नान करून पूर्वेकडे तोंड करून बसावे' याचं 'स्नान करून पूर्वेकडे तोंड करून बसावं' केलं की काहीही हरवत नाही.

अडतं ते भूतकाळात. 'जे काशीला गेले' यात 'गेले' पुल्लिंगीच राहतं. तिथे अकर्मक क्रियापद सोडून सकर्मक घ्या: 'ज्यांनी काशीयात्रा केली'. आता 'केली' यात्रेमागे जाते आणि कर्ता मोकळा होतो. 'जो भक्त हे स्तोत्र नित्य वाचतो, त्याची संकटे दूर होतात, तो निर्भय होतो' हे असं लिहून होईल: 'हे स्तोत्र नित्य वाचणाऱ्यांची संकटं दूर होतात, त्यांना भय राहत नाही.' वाक्य आखूडही झालं.

शब्द हवे असतील तर परंपरेतच शोधा. पसायदानात ज्ञानदेव 'जो जें वांछील तो तें लाहो' म्हणतात आणि लगेच 'प्राणिजात' म्हणून तो 'जो' कोण ते सांगतात. तुकोबा हाक मारतात ती 'या रे या रे लहान थोर, याति भलते नारी नर' अशी. प्राणिजात, भूतमात्र, जीव, जन, सकळ, भाविक, श्रोते, नारीनर: हे सगळे शब्द वाचकांच्या कानाला ओळखीचे आहेत. 'लिंगनिरपेक्ष उपासक' असलं काही घडवायची गरज पडत नाही.

संगणकावर काम करत असाल तर आधी फाइल युनिकोडमध्ये आहे का ते पाहा. जुन्या पुस्तिका श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये लावलेल्या असतात. त्यात शोधा-बदला चालत नाही, आधी रूपांतर करून जोडाक्षरं तपासावी लागतात. मग जो, ज्यास, त्यास, त्याने, मनुष्य, नर, पुरुष, पुत्र, बंधू हे एकेक शोधा. नुसतं 'तो' शोधलं तर 'करतो', 'होतो'ही सापडतात, ते उपयोगीच आहे. पण 'सगळे बदला' हे बटण दाबू नका. 'पुरुषसूक्ता'तला पुरुष आणि 'पुरुषोत्तम' त्यात सापडले तर अनर्थ होईल. आणि एका वाक्यात 'जो' काढला तरी तिसऱ्या वाक्यात 'तो' हळूच परत येतो, म्हणून परिच्छेद संपल्यावर पुन्हा एकदा वाचा.

फलश्रुती

स्तोत्र वाचल्याने काय फळ मिळतं ते सांगणारा भाग म्हणजे फलश्रुती. सगळ्यात जास्त वाद इथे होतो. नारदांच्या नावे असलेल्या संकटनाशन गणेशस्तोत्रात 'पुत्रार्थी लभते पुत्रान्' आहे. याचा अर्थ 'मुलगे होतात' असाच करायचा का? पाणिनीचं एक सूत्र आहे, 'भ्रातृपुत्रौ स्वसृदुहितृभ्याम्' (1.2.68): भाऊ-बहीण एकत्र सांगायचे तर 'भ्रातृ' उरतो, मुलगा-मुलगी एकत्र सांगायचे तर 'पुत्र' उरतो. म्हणजे संस्कृतात अनेकवचनी 'पुत्र' मुलींनाही पोटात घेऊ शकतो. सर्वसाधारण फलश्रुतीत 'संततीची इच्छा असणाऱ्यांना संतती मिळते' हा अर्थ म्हणूनच व्याकरणाला धरून आहे, आणि कुणी हरकत घेतली तर हे सूत्र दाखवता येतं.

पण हीच किल्ली सगळीकडे लावू नका. पुत्रकामेष्टीच्या कथेत दशरथाला वारस मुलगाच हवा होता; तिथे 'अपत्य' लिहिणं चुकीचं. 'कन्यार्थी' शब्दापाशी तर हमखास फसगत होते. फलश्रुतीत कन्यार्थी म्हणजे सहसा विवाहासाठी वधू शोधणारा. 'मुलगी व्हावी अशी इच्छा करणारे' असा अर्थ लावून आनंद मानण्यात अर्थ नाही. तिथे 'विवाहेच्छू' लिहा.

विधी आणि संकल्प

पूजेच्या सूचनांत 'यजमानाने', 'सपत्नीक', 'सौभाग्यवती स्त्रियांनी' असे शब्द येतात. एकटी राहणारी, विधवा, अविवाहित बाई पूजा करणार असेल तर तिला पुस्तिकेत स्वतःची जागा सापडत नाही. 'पूजा करणाऱ्यांनी', 'घरातल्यांनी', 'जोडीने बसणार असाल तर' अशी रचना पुरते. हरतालिका किंवा मंगळागौरीसारख्या बायकांच्याच व्रतात स्त्रीलिंग राहू द्या, ते पिवळं आहे.

संकल्प मात्र मूळ पाठात असूनही कर्त्यानुसार बदलायचाच असतो. तिथी, वार, गोत्र, नदीचा तीर जसा ज्याचा त्याने घालायचा, तसंच लिंगही. पुरुष 'अमुकगोत्रोत्पन्नः अमुकशर्मा अहम्' म्हणतो. स्त्रीने 'अमुकगोत्रोत्पन्ना अमुकनाम्नी अहम्' म्हणावं. 'करिष्ये' दोघांना सारखंच. छापताना दोन्ही ओळी एकाखाली एक पूर्ण द्या, कंसात नुसता 'न्ना' देऊ नका. संस्कृत न येणारी बाई तिथेच अडखळते.

लाल जागा

गीतेच्या नवव्या अध्यायातला 32वा श्लोक घ्या. 'स्त्रियो वैश्यास्तथा शूद्राः' हेही परम गतीला जातात, असं त्यात आहे, आणि आधी 'पापयोनयः' हा शब्द आहे. शंकराचार्य हे विशेषण पुढच्या तिघांना लावतात. काही अर्थकार पापयोनी हा वेगळा गट धरतात. मराठी अर्थामध्ये 'सर्व लोक' लिहून मोकळं होणं म्हणजे वाचणाऱ्या बाईपासून तिच्याबद्दल काय म्हटलंय ते लपवणं. अर्थ शब्दाला शब्द द्या आणि तळटिपेत दोन्ही वाचनं सांगा.

ऋषिपंचमीच्या कहाणीचंही तेच. विटाळ कालवला म्हणून बाई कुत्रीच्या जन्माला आणि नवरा बैलाच्या जन्माला जातो, हा त्या कहाणीचा कणाच आहे. शब्द सौम्य करून तो बदलत नाही. कहाणी छापायची तर 'आटपाट नगर होतं'पासून 'सुफळ संपूर्ण'पर्यंत तशीच छापा आणि खाली दोन ओळी लिहा, की मासिक पाळी ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे आणि विटाळाची कल्पना संतांनीही प्रश्नांकित केली आहे. सोयराबाईंचा 'देहासी विटाळ म्हणती सकळ' हा अभंग शेजारी द्या. छापायची नसेल तर वगळा, पण वगळली हे प्रस्तावनेत सांगा.

उलट्या दिशेची चूकही होते. ज्ञानोबा माउली आहेत, विठ्ठल विठाई आहे, जनाबाईंचा विठू लेकुरवाळा आहे. उत्साहाच्या भरात मराठी अर्थामध्ये 'माउली'चं 'पालक' केलेलं बघवत नाही. गौळणी आणि विरहिणींत पुरुष संत स्त्रीच्या तोंडून बोलतात. अर्थ लिहितानाही 'ती' म्हणूनच लिहा. निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी निघालेले वारकरी हे पिढ्यान्‌पिढ्या गातात, कुणाला अवघड वाटलेलं नाही.

नाशिकच्या शरणपूरसारख्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या वाचकांसाठी काम करताना तत्त्व तेच. पौलाच्या पत्रांतलं 'बंधूंनो' हे ग्रीक 'आडेल्फॉय'चं भाषांतर, आणि मंडळीतल्या बायकाही ऐकत असत, 'बंधुभगिनींनो' योग्यच. 'मनुष्याचा पुत्र' ही येशूची पदवी आहे, ती ठेवा. रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात फीबी या बाईसाठी 'दियाकोनोस' (सेवक) हा जो शब्द आहे, तोच पौल स्वतःसाठी आणि इतर पुरुषांसाठीही वापरतो. पुरुषाला पदनाम आणि तिला नुसती 'मदतनीस' असं भाषांतर झालं असेल तर ते आधी दुरुस्त करा.

छपाईपूर्वी

प्रत्येक बदल एका वहीत नोंदवा: पान, जुनं वाक्य, नवं वाक्य, कारण. विश्वस्तांपैकी कुणी विचारलं तर ही वही पुढे ठेवता येते. मग तिघांकडून मोठ्याने वाचून घ्या: पोथी पाठ असलेल्या एखाद्या आजी, पहिल्यांदा वाचणारी शाळकरी मुलगी, आणि संस्कृत जाणणारं कुणी. आजींना परकं वाटलं, मुलगी अडखळली किंवा जाणकाराने भुवई उंचावली, तिथे खूण करा. आजींचं मत जास्त तोलाचं धरा. त्यांच्या तोंडी बसलं नाही तर मंडळ पुढच्या वर्षी जुनीच प्रत काढतं.

तळटिपा त्याच पानावर, 12 पॉइंटपेक्षा बारीक नकोत. मूळ ओव्या 16 पॉइंटला. शेवटी एकत्र दिलेल्या टिपा पारायणात कुणी उलटून पाहत नाही. जुनं भाषांतर आधार म्हणून घेत असाल तर हक्क तपासा: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, आणि मूळ स्तोत्र प्राचीन असलं तरी भाषांतर प्राचीन नसतं. पाठभेदांची शंका आली तर दोन-तीन जुन्या छापील प्रती ताडून पाहा. 1840 साली सुरू झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करायला विसरू नका. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला 'मूळ पाठ जसाच्या तसा, मराठी अर्थ नव्याने' एवढं ठळक छापा आणि पहिली आवृत्ती थोड्याच प्रतींची काढा. पहिल्या पारायणातच चार-दोन राहून गेलेले 'तो' सापडतील.