हातात बाळ दिसलं की लगेच सेंट अँथनी लिहू नका

लंडनला आर्ट हिस्टरीत एमए करायला आले तेव्हा पहिल्याच टर्मला मला एक ड्रॉइंग ओळखायला दिलं, सतराव्या शतकातलं, इटालियन, निळ्या कागदावर काळा खडू आणि उजेड पडलाय तिथे थोडा पांढरा. ढगावर मेरी, खाली गुडघ्यावर बसलेला संत, ती बाळ येशूला त्याच्या हातात देतेय, पायाशी लिलीचं फूल. मी पाच मिनिटांत "पादुआचे सेंट अँथनी" लिहून मोकळी!

सरांनी एवढंच विचारलं, कमरेची दोरी कुठे गेली? अँथनी फ्रान्सिस्कन, म्हणजे सेंट फ्रान्सिसच्या संघातले साधू, त्यांच्या कमरेला गाठी मारलेली दोरी पाहिजे, आणि ह्याच्या अंगात पाद्र्याचा साधा लांब झगा. हे निघाले सेंट कॅजेटन, थिएटाइन ह्या पाद्र्यांच्या संघाच्या संस्थापकांपैकी एक, १५१७ च्या नाताळच्या रात्री रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये मेरीने बाळ आपल्या हातात दिलं असं दर्शन त्यांना झालं म्हणतात. आणि ओल्ड गोव्यातलं त्यांच्या नावाचं चर्च, रोमच्या सेंट पीटर चर्चच्या धर्तीवर बांधलेलं, मी शाळेच्या ट्रिपमध्ये बघून आलेले, तरी डोक्यात आलं नाही.

तेव्हापासून आधी कपडे बघते, चमत्कार नंतर. मग तारखा. कॅजेटनना संतपद १६७१ ला मिळालं, आणि असं झालं की त्या संताच्या चित्रांना मागणी वाढायची, त्यामुळे काळाचा अंदाज बांधताना हे साल हाताशी असलेलं बरं.

खडूबद्दल सांगायचं तर हा शाळेतला खडू नव्हे, जमिनीतून काढलेला मऊ दगड. लाल खडू म्हणजे तर आपल्या गेरूचाच भाऊ, माती आणि हेमेटाइट. रेघांचा कल बघायची सवय लावा, उजव्या हाताने काढलेल्या तिरक्या रेघा सहसा वर उजवीकडून खाली डावीकडे येतात, त्या उलट्या असतील आणि खडू फिका, चपटा वाटत असेल तर ओला कागद दाबून घेतलेला ठसा असू शकतो, नाहीतर चित्रकार डावखुरा. वर चौकटी आखलेल्या असतील तर चित्र मोठं करून कॅनव्हासवर किंवा भिंतीवर न्यायचा बेत होता समजा.

पण मला खरी मजा येते ती दुरुस्त्यांमध्ये. त्या ड्रॉइंगमध्ये ढगातली मंडळी खडू जेमतेम टेकवून काढलीयेत, कागदाचा दाणा दिसतोय मधून, आणि संत मात्र दाबून, जड. मधे बाळाखाली संताचा हात तीनदा काढलाय, कारण वरचं आणि खालचं जोडलं जातं ते तिथेच, तो हात चुकला तर दर्शन कसलं, नुसतं वर एक चित्र आणि खाली एक. छापलेल्या फोटोत ह्या पुसट रेघा मला दिसल्याच नव्हत्या.

म्हणून मूळ कागद बघा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट्स अँड ड्रॉइंग्सच्या स्टडी रूममध्ये अपॉइंटमेंट घेऊन फुकट बघता येतं, पेन चालत नाही, पेन्सिलच. आणि इटालियन वाचण्यापुरतं तरी शिका, मी आळस केला आणि डिझर्टेशनच्या वेळी रडले.

हो, ओढणी आणि लांब गळ्यातलं काढून ठेवायचं, खडू नुसत्या घासण्याने निघतो. शिंक आली तर सरळ टेबल सोडून पळा, लोक बघतात, बघू देत.